फळीवरच्या घोड्या

रविवार, २

मुलीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, रोज चार ओळी लिहा. काय केलं, कधी केलं, काय कुठे ठेवलं."

मी म्हटलं, "मला काय परत शाळेत घालतेस?"

ती हसली नाही. गॅरेजची नोंद हवी असेल तिला. नोकरी सोडून ती माझ्या गॅरेजात उतरली त्याला दीड वर्ष झालं. हात चांगला आहे तिचा, पण कागद फार लागतात. असो. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन चार वर्षं झाली, घरात आम्ही दोघंच. पोरीचं एवढं तरी ऐकावं म्हणून लिहितो आहे.

आज सुट्टी असूनही एक जुना ट्रक आला. तीस वर्षांचा, पुढे नाक असलेला. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, तुटलेत, बेअरिंग ओरडतंय. एवढ्या मोठ्या गाडीचं काम मुलगी पहिल्यांदाच स्वतःच्या अंगावर घेते आहे. ड्रायव्हरच मालक. लांबलचक माणूस, बोलतो कमी आणि चहा जास्त पितो. मुलीकडे बोट दाखवून मला विचारतो, "मिस्त्री, खाली कोण जाणार? ही?"

मुलगीच म्हणाली, "मीच. तुम्ही फक्त सावलीत बसा."

माझी पाठ आता खाली जात नाही. वर उभं राहून सांगायचं काम माझं.

मंगळवार, ४

आज ट्रक उचलला. दोन तास लागले आणि लागायलाच हवेत.

आधी मागचा हौदा रिकामा केला. दोरीचं एक भेंडोळंसुद्धा ठेवू दिलं नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकले, कारण जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर विश्वास ठेवणारा माणूस फार दिवस मिस्त्री राहत नाही. दोन्ही जॅकखाली जाड फळी. एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी. पाटे काढायचे म्हणून घोड्या चॅसिसखाली लावल्या, अॅक्सलखाली नाही. चार घोड्या. घोडी म्हणजे आमची लोखंडी तिपाई, एकेक मांजराएवढी जड. मग जॅक हळूहळू सोडले, सगळं ओझं घोड्यांवर बसलं. काढलेली मागची चाकं आडवी करून चॅसिसखाली सरकवली. सगळंच दगा देऊन गेलं तरी गाडी चाकांवर पडेल, माणसावर नाही.

शेवटी मुलीने ट्रकला खांदा दिला, सगळ्या ताकदीने ढकललं. हलला नाही. मगच ती खाली गेली.

हे सगळं अण्णांचं. माझे वडील. "जॅक उचलायला असतो, पेलायला नाही," हे मी चालायला शिकलो त्याच सुमाराला ऐकलं असेन. त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक. काम संपलं की हात धुण्याआधी घोड्या काढायच्या, पुसायच्या आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने ठेवायच्या. घोडी जमिनीवर विसरली तर जेवण नाही. पन्नास वर्षं झाली, मी एकदाही विसरलो नाही.

मुलीला हे सगळं परत सांगितलं. म्हणाली, "बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय." चांगली गोष्ट तीनदा सांगितली तर बिघडतं कुठे?

बुधवार, ५

आज अक्षराकडे बघू नये.

जेवून मुलगी परत कामाला आली. सवयीप्रमाणे खाली जाण्याआधी खांदा दिला आणि ट्रक डुलला. तिने वाकून पाहिलं. डावीकडच्या दोन्ही घोड्या नव्हत्या. ती बाजू नुसत्या जॅकवर उभी होती. तोही आमचा जुना जॅक, ज्याच्यातून तेल पाझरतं आणि जो तासाला बोटभर खाली येतो.

घोड्या फळीवर होत्या. ओळीने, पुसलेल्या.

त्या वेळात गॅरेजात मी, आणि बाहेर सावलीत ड्रायव्हर. मी स्टुलावर बसलो होतो, डोळा लागला असेल. जागा झालो तेव्हा तोंडावर पाणी मारल्यासारखा ताजातवाना होतो, हात ओले होते. कुणीही आलेलं दिसलं नाही.

मुलगी रागावली नाही.  खांदा दिला नसता तर आज काय झालं असतं, ते लिहवत नाही.

शुक्रवार, ७

ड्रायव्हरला विचारलं. सरळच विचारलं, "तू काढल्यास का?"

त्याने बशीतला चहा संपवला. "मिस्त्री, माझाच ट्रक मी का पाडीन?"

"मग कोण?"

"तुमच्याशिवाय इथे होतं कोण?"

"तेच तर. मी होतो तरी कुणीतरी येऊन गेलं."

त्याने मुलीकडे पाहिलं, मुलीने नकारार्थी मान हलवली. दोघांचं काहीतरी ठरलंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण या माणसाला घोडी पुसून ठेवायची अक्कल असेल असं वाटत नाही. फडकं कुठे असतं तेही त्याला माहीत नाही. सांधे, खाचा, सगळं नीट पुसलेलं होतं. हे काम माहीतगाराचं आहे.

रविवार, ९

आज सुट्टी. गॅरेज बंद, तरी मी जाऊन बसलो. घर आणि गॅरेज यांच्यात एक गल्ली, जायला काय लागतं.

बंद गॅरेजात ट्रक असा उचललेला पाहिला की कसंतरी होतं. मागची चाकं नाहीत, नाक खाली. बराच वेळ बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकटा नाही. आवाज नव्हता. पण कुणीतरी काम संपायची वाट बघत उभं असल्यासारखं वाटत होतं. ती घाई मी ओळखतो. संध्याकाळ झाली की अण्णा असे उभे राहायचे, बोलायचे काही नाहीत.

अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली. त्यांचा स्वभाव माझ्याइतका कुणाला माहीत नाही. बाईमाणसाने गाडीखाली जाऊ नये म्हणायचे. माझी धाकटी बहीण एकदा गंमत म्हणून खाली शिरली, तर तिला पाय धरून ओढून काढलं होतं. माझ्या पोरीने त्यांचा पाना हातात घेतलेला त्यांना कसा चालेल?

मुलीला हे सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा, आज कोणता वार?"

मी सांगतोय काय, पोरगी विचारते काय!

मंगळवार, ११

मुलगी मला डॉक्टरकडे घेऊन गेली. म्हणे रक्तदाब. डॉक्टर पोरगेलासा, गोड बोलणारा. रक्तदाब एकदा पाहिला आणि अर्धा तास गप्पा मारल्या. सकाळी काय खाल्लं, घरातून इथवर कसे आलात, शंभरातून सात वजा करत जा. मी म्हटलं, "वाण्याच्या दुकानात ठेवताय का मला?" सहा सिलिंडरच्या इंजिनाचा पेटण्याचा क्रम त्यालाच विचारला. त्याला येत नव्हता. मी घडाघडा सांगितला, एक पाच तीन सहा दोन चार. उलटासुद्धा सांगितला.

बाहेर आल्यावर मुलगी गाडीला टेकून थोडा वेळ उभी राहिली. मीच म्हटलं, "काळजी करू नकोस, ठणठणीत आहे मी." परत येताना मी सांगितलेलं वळण चुकलं. रस्ते सारखे बदलतात हल्ली.

बुधवार, १२

भांडण झालं.

मुलीने चारही घोड्या साखळीने चॅसिसला बांधल्या आणि कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या गळ्यात. इथवर ठीक. मग हळूच म्हणाली, "बाबा, हा ट्रक होईपर्यंत तुम्ही घरी राहाल का?"

"माझ्या गॅरेजात मी यायचं नाही?"

"तसं नाही हो."

"मग कसं? पन्नास वर्षं या जमिनीला माझा घाम लागलाय. माझ्या छातीवर अण्णा येऊन उभे आहेत, आणि तू मलाच बाहेर काढतेस? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

तिने गळ्यातली किल्ली आत सारली. मग म्हणाली, "बरं. या. पण मला दिसाल असे बसा."

घाबरली आहे पोर. मी समोर असलो की तिला धीर येतो. मी आता तिला एक क्षण नजरेआड करणार नाही. काय वाटेल ते झालं तरी माझ्या पोरीच्या अंगावर ट्रक पडू देणार नाही, हे इथे लिहून ठेवतो.

शुक्रवार, १४

नवे पाटे आले. काम चांगलं चाललंय, मुलगी डाव्या बाजूचे बसवते आहे.

दुपारी फार भूक लागली. ही अजून डबा घेऊन आली नाही. दोन वेळा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. ही अशीच, वाटेत कुणी बोलायला भेटलं की हिला वेळेचं भान राहत नाही. मुलीला म्हटलं, "जाऊन बघ गं तुझ्या आईला, एक वाजून गेला."

मुलगी खालून बाहेर आली, तेलाच्या हातांनीच तिथे जमिनीवर बसली आणि रडली. काय लागलं विचारलं तर काही नाही म्हणाली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, वहिनी आज येणार नाहीत. माझ्या डब्यातलं जेवा." त्याच्याबरोबर जेवलो. माणूस वाईट नाही, मी उगाच संशय घेतला.

रविवार, १६

काम संपलं. घोड्या काढल्या, पुसल्या, फळीवर ठेवल्या. हात धुतले.

सोमवार, १७

वरची ओळ मी लिहिलेली नाही.

अक्षर माझंच वाटतं, पण माझं अक्षर अण्णांनीच गिरवून घेतलेलं. बोटावर पट्टी मारून. आम्हा दोघांचा 'घ' ओळखू येत नाही, हे हीसुद्धा म्हणायची. ते माझ्या वहीत लिहून गेले आहेत. काल सुट्टी होती, मी दिवसभर घरी झोपून होतो, मला पक्कं आठवतं.

सकाळी गॅरेज उघडलं तर ट्रक खाली बसला होता. चारही घोड्या फळीवर, साखळी गुंडाळून शेजारी, कुलूप त्यावर. आणि दोन्ही जॅक पार उतरलेले. चॅसिस त्या आडव्या चाकांवर टेकलं होतं, म्हणून बाकी काही मोडलं नाही. डाव्या बाजूचा नवा पाटा तेवढा वाकला.

कुलूप तोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. मुलीने गळ्यातली किल्ली दाखवली. मग मला म्हणाली, "बाबा, खिसे दाखवा ना." दाखवले. सदऱ्याच्या खिशात दुसरी किल्ली निघाली. घरातल्या डब्यात होती म्हणे. माझ्या खिशात ती कुणी ठेवली असेल, हे मी तिला समजावून सांगितलं. हे ऐकून ती रडली नाही, हसलीही नाही. "हो बाबा," म्हणाली.

ती ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली. अॅक्सल आणि जमीन यांच्यामधल्या फटीत तिने हात घालून पाहिला. चार बोटं गेली, मूठ गेली नाही. मीही पाहिलं. मला भीती वाटली, फार भीती वाटली.

बुधवार, १९

आज मी अण्णांना पाहिलं. जसं झालं तसं लिहितो.

ट्रक परत उचलून घेतला. घोड्या लावल्या, चाकं सरकवली. मुलीने आठ वेळा तरी खांदा दिला असेल. मला समोर, डाव्या बाजूला स्टुलावर बसवलं. म्हणाली, "बाबा, मी खाली असेपर्यंत बोलत राहा. थांबू नका." मग खाली गेली. मला तिचे पाय दिसत होते, तिला माझे.

मी बोलत राहिलो. अण्णांच्या गोष्टी सांगितल्या, पहिल्या ट्रकची गोष्ट सांगितली. मध्येच ती हाक मारायची, "बाबा?" आणि मी "ओ" म्हणायचो. हातोड्याचे ठोके पडत होते. ड्रायव्हर दारात होता, बदली पाटा घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला तो बाहेर गेला.

मग ठोके थांबले.

सगळं शांत झालं. मला एकदम ती घाई जाणवली. काम संपलं, आवरा, हात धुवा. कुणीतरी माझ्या आतूनच उठल्यासारखं उठलं. मी पुढे पाहिलं तर जॅकच्या दांड्यावर दोन हात होते. म्हातारे हात, शिरा वर आलेल्या, नखांत काळं तेल. सावकाश, घाई न करता, दांडा खालीवर करत होते. गाडी कणभर उचलली गेली. घोडी सैल झाली. मग एक हात दांडा सोडून घोडीकडे गेला. अगदी अण्णांसारखा. घोडी बाहेर घेण्याआधी ते तिला असंच दोनदा थोपटायचे.

मी ओरडलो, "अण्णा, सोडा! पोर आहे खाली!"

हात थांबले नाहीत. त्यांना धरावं म्हणून मी माझे हात पुढे करायला गेलो आणि माझे हात मला सापडेनात. सगळ्या गॅरेजात ते दोनच हात होते.

मी ओरडतच राहिलो. मुलगी कशी बाहेर आली ते मला दिसलं नाही. कुणीतरी मागून मला मिठी मारली आणि ते म्हातारे हात घोडीवरून ओढून काढले. मुलगी होती. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. "आहे, बाबा. मी बाहेर आहे. बघा, मी बाहेर आहे."

"तू पाहिलेस ना हात?" मी विचारलं.

"पाहिले."

"अण्णाच होते ना?"

तिने मिठी सोडली नाही. मग म्हणाली, "त्यांना वाटलं असेल काम संपलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, बाबा."

एवढ्या मोठ्या प्रसंगातही ती माझ्या बापाची बाजू घेते आहे. कुणाची पोर आहे!

गुरुवार, २०

दिवसभर विचार केला. अण्णा वाईट नाहीत, हे पोरगी म्हणते ते खरं. ते काम संपल्यावर करायचं तेच करतात. त्यांना वेळ कळत नाही, एवढंच. मेलेल्या माणसाला वेळ कशी कळणार? त्यांना रागावून उपयोग नाही, कुलूप लावून नाही.

पण मला एक गोष्ट कळली आहे. ते एकटे कधीच आले नाहीत. त्या पहिल्या बुधवारी मी होतो, त्या रविवारची किल्ली माझ्याच खिशात होती, काल मी होतो. ते माझ्या मागून येतात. मी गॅरेजात गेलो की जातात, मी घरी असलो की घरी असतात.

मग उपाय सोपा आहे आणि तो मलाच करता येईल. मी जायचं नाही.

लिहायला सोपं आहे. पन्नास वर्षांत आजारपणाचे चार दिवस सोडले तर एक दिवस असा नाही. गॅरेज सोडून मला दुसरं काही येत नाही. मी घरी बसून काय करू, भिंती मोजू? संध्याकाळपर्यंत नुसता चिडत होतो.

मुलगी ताट वाढत होती तेव्हा सांगितलं, "उद्यापासून मी येणार नाही. अण्णांना मी घरी धरून ठेवतो. तू काम उरक."

तिच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. मी तिला बजावलं, "हा ट्रक झाला तरी नाही. कुठलाच ट्रक वर असताना नाही. आणि मी विसरून आलोच, तर मला आत घेऊ नकोस. मी शिव्या देईन, तरी घेऊ नकोस."

"बाबा," ती म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी दोन घास जास्तच जेवलो.

शुक्रवार, २१

सकाळी मुलगी गेली. ड्रायव्हरला माझ्यापाशी ठेवून गेली. मी म्हटलं, मला राखण कशाला? तो म्हणाला, "राखण तुमची नाही मिस्त्री, अण्णांची."

आम्ही दाराशी दोन खुर्च्या टाकल्या. मी तिसरीही आणायला लावली. ड्रायव्हरने काही न विचारता आणली.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आलेत का?"

"आलेत. बसलेत."

त्याने आपले लांब पाय आखडून घेतले, अण्णांना जागा केली. चांगला माणूस आहे. मी त्याच्यावर उगाच संशय घेतला होता, हे त्याला सांगायचं राहिलंय.

गल्लीपलीकडून ठोके ऐकू येत होते. उजव्या बाजूचा शेवटचा पाटा असणार. आवाजावरून मला सगळं दिसत होतं, ती कुठे वाकली आहे, पाना कुठल्या हातात आहे. दोन वेळा ठोका चुकला तेव्हा मी खुर्चीतच पुढे सरलो. ड्रायव्हरने चहा केला. गोडमिट्ट केला होता.

मग ठोके थांबले.

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो चहा पीत होता, त्याला काही कळलं नव्हतं. अण्णा उठले. मला कळलं ते उठले. काम संपलं, घोड्या काढायच्या, पुसायच्या. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, एकदा उठले की कुणाचं ऐकत नाहीत. पोरगी अजून खाली होती. ती थांबली असेल नट शोधायला, घाम पुसायला, श्वास घ्यायला. पण त्यांना कोण समजावणार?

मी म्हटलं, "अण्णा, बसा. अजून संपलं नाही." ते ऐकेनात. माझ्या गुडघ्यावरून त्यांचे हात उचलले गेले. मी एकाने दुसरा पकडला. घट्ट, बोटांत बोटं घालून, पोटाशी धरले. काय ताकद होती त्यांची! माझे खांदे भरून आले, घाम फुटला. ड्रायव्हरने कप खाली ठेवला आणि त्याचे दोन्ही हात वरून ठेवले. 

किती वेळ गेला माहीत नाही. ठोके परत सुरू झाले, परत थांबले. मुलगी दारात आली, तोंडभर तेल, आणि म्हणाली, "झालं, बाबा. ट्रक चाकांवर उभा आहे." तोवर आम्ही त्यांना सोडलं नव्हतं.